ब्रुजला दुपारी जाऊ नका, रात्री राहा

नमस्कार मंडळी! बेल्जियमची ट्रिप ठरली की आपल्याकडे साधारण असा बेत होतो: मुक्काम ब्रसेल्सला, आणि मधला एक दिवस ब्रुज. सकाळी दहाच्या सुमारास गाडी, तासाभरात ब्रुज, संध्याकाळी परत. मी म्हणते, हे उलटं करा. निदान एक रात्र तरी ब्रुजलाच काढा.

का, ते सांगते. ब्रुजचा जुना भाग लहानसा आहे. स्टेशनवरून मार्क्ट, म्हणजे मुख्य चौक, चालत वीसेक मिनिटं. अकरा ते पाच या वेळात दिवसापुरते आलेले सगळे त्याच चार गल्ल्यांत असतात. पोस्टकार्डावर जो कोपरा दिसतो ना, कालव्याचं वळण आणि मागे उंच मनोरा, ते रोझेनहूडकाई. दुपारी तिथे कठड्याशी उभं राहायला नंबर लावावा लागतो. सहा वाजले की बसगाड्या भरून निघतात आणि गाव मोकळं होतं. जूनमध्ये तर रात्री दहापर्यंत उजेड! ते चार तास तुमचे. डिसेंबरात मात्र पाचच्या आतच अंधार पडतो, तेव्हा हे गणित थंडीत लावू नका.

(पडद्यावर नकाशा)

आता इथे समुद्र बघा. ब्रुजपासून पंधरा किलोमीटर. सन 1134 मध्ये मोठं वादळ झालं, किनारा फुटला आणि झ्विन नावाची खाडी आत घुसली. त्या खाडीने ब्रुजला श्रीमंत केलं. लोकर, कापड, मसाले, सगळा व्यापार इथे. फान डेर बुर्झे नावाच्या घराण्याच्या खाणावळीसमोर व्यापारी जमायचे. युरोपात शेअर बाजाराला 'बोर्स' म्हणतात, तो शब्द त्याच घराण्याच्या नावावरून आला असं मानतात. मग खाडी गाळाने भरत गेली, जहाजं येईनाशी झाली आणि 1500 च्या आसपास व्यापार अँटवर्पला गेला. गावाकडे जुनं पाडून नवं बांधायला पैसाच उरला नाही. म्हणून ती घरं वाचली. आता खरं सांगायचं तर जे 'मध्ययुगीन' दिसतं त्यातलं बरंचसं एकोणिसाव्या शतकात जुन्या धाटणीने पुन्हा बांधलेलं आहे. गाइड हे हळूच सांगतो. युनेस्कोने 2000 साली अख्खा जुना भाग जागतिक वारसा यादीत घेतला.

एकच वस्तू बघायला वेळ असेल तर ऑन्झ-लीव-व्राऊवेकेर्क, म्हणजे अवर लेडीचं चर्च. आत मायकेलअँजेलोची संगमरवरी माता आणि बाळ. ब्रुजच्या व्यापाऱ्यांनी ती विकत घेतली होती. सन 1794 मध्ये फ्रेंचांनी पळवली, परत आली. 1944 मध्ये जर्मनांनी गाद्यांत गुंडाळून पळवली. ऑस्ट्रियातल्या मिठाच्या खाणीत सापडली, पुन्हा परत आली! मूर्ती अपेक्षेपेक्षा लहान वाटते, पण बाळाचा पाय बघा, आईच्या मांडीवरून उतरायच्या बेतात आहे.

बोटीबद्दल. फेरी अर्ध्या तासाची, रांगेत उभं राहून तिकीट. सकाळी पहिल्या तासात बसा. हिवाळ्यात फेऱ्या बंद किंवा तुरळक असतात. बोटीतून हंस दिसतील; त्यांची दंतकथा मजेदार आहे. सन 1488 मध्ये गावकऱ्यांनी राजपुत्र माक्सिमिलियनला कैद करून त्याचा माणूस पीटर लान्खाल्स याचा शिरच्छेद केला. लान्खाल्स म्हणजे लांब मान. म्हणून माक्सिमिलियनने शिक्षा दिली ती अशी की गावाने कायम लांब मानेचे पक्षी पाळायचे. खरंखोटं देव जाणे, हंस आहेत.

शाकाहारी मंडळी, इकडे लक्ष द्या. बेल्जियमचे फ्राइज पारंपरिक पद्धतीने गोमांसाच्या चरबीत तळतात. बटाटाच तर आहे, असं म्हणून हात घालू नका. कशात तळलंय ते विचारा. वनस्पती तेलात तळणारी दुकानंही सापडतात. वॉफल आणि चॉकलेट निर्धास्त खा, अंडं चालत असेल तर.

काही किरकोळ गोष्टी. फलाटावरची पाटी डचमध्ये असते, ब्रुग्गे. 'ब्रुज' हे फ्रेंच नाव. पाटीवर ब्रुज शोधत बसलात तर पुढच्या स्टेशनला जाल. रस्ते दगडगोट्यांचे आहेत, चाकांची बॅग खडखडत जाते, चाकं जपा. घोडागाडी मी वगळते, चालण्यासारखं गाव चालूनच बघावं. शेंगेन व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो; सुट्टीच्या मोसमात अपॉइंटमेंट लवकर मिळत नाही, म्हणून ती वेळेत घ्या.

राहिला मनोरा, बेल्फ्री. 83 मीटर उंच, 366 पायऱ्या, वरच्या टप्प्यात जिना इतका अरुंद की उतरणाऱ्याला भिंतीला चिकटावं लागतं. वेळ आधी ऑनलाइन घ्या. आईबाबांचे गुडघे दुखत असतील तर त्यांना खाली चौकात बाकावर बसवा; वर 47 घंटा आहेत, आणि त्यांचं वादन खालूनच छान ऐकू येतं.