तोच रंग, पुन्हा

(दृश्य: तराजूवर शाईचा डबा, सुरीने शाई घोटणारा हात)

तराजू शून्यावर आणलाय. आधी पिवळी शाई, मग लाल, मग पारदर्शक पांढरी. काळी सगळ्यात शेवटी, तीही सुरीच्या टोकावर मावेल एवढीच. एक किलो नारिंगीत दहा ग्रॅम काळी जास्त पडली की रंग मळतो, आणि मळलेला नारिंगी पुन्हा उजळत नाही. डबा टाकून नव्याने घोटावं लागतं.

ही शाई एका कंपनीच्या खोक्यासाठी चाललीय. तेच खोकं आणखी दोन छापखान्यांत, वेगळ्या पुठ्ठ्यावर छापलं जाईल, आणि तिन्ही छापखान्यांचा माल दुकानात एकाच फळीवर शेजारी शेजारी लागेल. त्यातलं एक खोकं फिकट निघालं तर गिऱ्हाईक ते उचलतं, बघतं आणि परत ठेवतं. जुना माल असेल. नाहीतर नकली.

लोगो कसा असावा यावर कंपन्यांत सहा-सहा महिने बैठका होतात. या डब्यावर क्वचितच होते.

(दृश्य: लाल त्रिकोणाचं जुनं लेबल, मग मद्यालयाचं चित्र)

१ जानेवारी १८७६. ब्रिटनमध्ये ट्रेडमार्कची नोंदणी सुरू झाली आणि पहिल्या क्रमांकावर चढला तो बास या बिअर कंपनीचा लाल त्रिकोण. सहा वर्षांनी एदुआर माने या चित्रकाराने पॅरिसमधल्या एका मद्यालयाचं चित्र पूर्ण केलं. काउंटरवरच्या बाटल्या नीट बघा. लेबलावरची अक्षरं वाचायची गरजच पडत नाही, त्रिकोण पुरतो.

१९१५ साली कोका-कोलाच्या बाटलीवाल्यांनी काचकारखान्यांकडे मागणी केली तीही याच जातीची. अंधारात हाताला लागली तरी ओळखू यावी, फुटून जमिनीवर पडली तरी तुकड्यांवरून कळावी, अशी बाटली हवी. इंडियाना राज्यातल्या रूट ग्लास कंपनीने ती करून दिली.

(दृश्य: शेड कार्डाचा पंखा उघडतो)

आता पुन्हा छापखान्यात. १९६३ साली पॅन्टोन या अमेरिकी कंपनीचं शेड कार्ड आलं. तोवर ‘आमचा लाल’ म्हणजे नेमका कुठला, यावर कंपनी आणि छापखाना यांची हुज्जत ठरलेली. कार्डाने रंगाला क्रमांक दिला आणि क्रमांकाला शाईचं सूत्र.

तरी क्रमांकाने सगळं भागत नाही. तीच शाई चकचकीत आर्ट पेपरवर वर राहते, साधा कागद ती पिऊन टाकतो आणि रंग मंद दिसतो. म्हणून क्रमांकाच्या शेवटी ‘सी’ किंवा ‘यू’ असतं, म्हणजे कोटेड किंवा अनकोटेड. ऑर्डर देताना हे एक अक्षर गाळलं की माल आल्यावर भांडण.

दुसरी चूक काटकसरीची. छपाईत प्रत्येक शाईला वेगळी प्लेट लागते. पाचव्या प्लेटचा खर्च नको म्हणून कंपनीचा खास रंग सायन, मॅजेंटा, यलो आणि ब्लॅक या चार शायांच्या ठिपक्यांतून काढतात. झगझगीत नारिंगी त्यात येतच नाही. मग मशीनवाल्याला ‘अजून थोडा उठाव द्या’ म्हणून सांगितलं जातं. तो शाई वाढवतो, ठिपके पसरतात, आणि खोक्यावरची बारीक अक्षरं बुजतात.

(दृश्य: पुठ्ठ्यावर शाईचा पातळ थर ओढला जातोय, स्पेक्ट्रोफोटोमीटर टेकवला जातो)

घोटलेली शाई त्याच पुठ्ठ्यावर ओढून बघतात, दुसऱ्या कागदावर नाही. वाळेपर्यंत थांबतात, कारण वाळताना रंग थोडा उतरतो. मग स्पेक्ट्रोफोटोमीटर. मंजूर नमुना आणि हातातला नमुना यांतला फरक हे यंत्र एका आकड्यात सांगतं. त्या आकड्याला डेल्टा ई म्हणतात. तो १ च्या आसपास असेल तर सरावलेल्या डोळ्यालाही फरक जेमतेम दिसतो. मुख्य रंगाला साधारण २ पर्यंत सूट असते. ५ झाला की कुणीही बोट ठेवेल.

नजरेचं काम संपत नाही ते नाहीच. म्हणून हा राखाडी कप्पा, आत ५००० केल्विनचा उजेड. ट्यूबलाइटखाली जुळलेले दोन रंग उन्हात वेगळे पडू शकतात, कारण दिसायला सारखे असले तरी आतली रंगद्रव्यं निराळी. याला मेटामेरिझम म्हणतात. खिडकीशी नेऊन बघण्याची सवय चांगली, पण खिडकीतला उजेड सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरा.

(दृश्य: ब्रँड मॅन्युअलची पानं)

लोगोभोवती मोकळी जागा किती, लहानात लहान आकार किती मिलिमीटर, गडद रंगावर कुठली आवृत्ती, कुठला टाइप. सगळं मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. पण विक्री विभागाला जाहिरात आज संध्याकाळी पाठवायची असते, मूळ फाइल सापडत नाही, आणि कुणीतरी वेबसाइटचा स्क्रीनशॉट चिकटवून देतं. फलकावर तो दहा फुटी होतो, कडा दातेरी. व्हेक्टर फाइल, म्हणजे कितीही मोठी केली तरी कडा न फाटणारी, एकाच फोल्डरात, आणि जुन्या आवृत्त्या तिथून काढून टाकलेल्या, एवढं केलं तरी मॅन्युअलची दीडशे पानं वाचल्यासारखी आहेत.

(दृश्य: जुनं आणि नवं खोकं शेजारी)

२००९ च्या सुरुवातीला ट्रॉपिकाना या फळांच्या रसाच्या ब्रँडने अमेरिकेत खोक्यावरचं स्ट्रॉ खोचलेलं संत्रं काढलं आणि रसाच्या ग्लासाचं चित्र घातलं. रस तोच होता. लोकांना फळीवर आपलं खोकं सापडेना. विक्री सुमारे २० टक्क्यांनी घसरली, आणि दोन महिन्यांच्या आत जुनं खोकं परत आणायचं ठरलं.

(दृश्य: बाटल्यांचा पट्टा, वर इंडक्शन कॉइल)

ओळख पटली, आता भरवसा. टोपणाच्या आत फॉइलची चकती असते. टोपण लावलेली बाटली कॉइलखालून जाते, फॉइल तापतं, त्याखालचा प्लास्टिकचा थर वितळून बाटलीच्या कडेला चिकटतो. टोपण सैल बसलं तर चकती कडेला नीट टेकत नाही आणि सील एका बाजूने सुटतं. पट्टा मधेच थांबला तर फॉइल करपतं. म्हणून ठरावीक वेळाने पट्ट्यावरची एक बाटली उचलून सील सोलून बघतात.

१९८२ साली शिकागो परिसरात टायलेनॉल या वेदनाशामक औषधाच्या कॅप्सूलमध्ये कुणीतरी सायनाइड मिसळलं, सात जण दगावले. ते बनवणाऱ्या जॉन्सन अँड जॉन्सनने सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या परत मागवल्या आणि त्याच वर्षी औषध तिहेरी सीलमध्ये पुन्हा आणलं. चिकटवलेलं खोकं, मानेभोवती प्लास्टिक, तोंडावर फॉइल.

(दृश्य: खण उघडतो, आत तीन पुठ्ठे)

मंजूर नमुने तीन असतात. मधला प्रमाण, एक चालेल इतका फिकट, एक चालेल इतका गडद. मागे सही आणि तारीख. उजेड लागू नये म्हणून ते काळ्या पाकिटात ठेवतात, तरी हळूहळू उडतातच. या पाकिटावरची तारीख गेल्या वर्षीची आहे. तिन्ही नमुने आज नव्याने ओढले जातील.