बशीतला चहा आणि लिओनचं आखात

कपातला चहा अजून वाफाळत असतो, तेव्हा बशीत ओतलेला पिण्याजोगा झालेला असतो. थर पातळ, म्हणून लवकर निवतो. मंडळी, आजचा निम्मा विषय एवढाच आहे. किनाऱ्यालगतची समुद्रबूड जमीन ही बशी, तिच्यापलीकडचा खोल समुद्र हा कप.

फ्रान्सच्या दक्षिणेला लिओनचं आखात आहे. हिवाळ्यात तिथे जमिनीकडून दोन वारे सुटतात, मिस्ट्राल आणि त्रामोंतान. आपला मतलई वाराही जमिनीकडूनच येतो, पण तो सकाळी ऊन चढलं की पडतो. हे दोघे कित्येक दिवस थांबत नाहीत. थंड आणि कोरडे. पाण्याची ऊब नेतात, वाफ नेतात, मीठ तेवढं मागे ठेवतात. पाणी दोन्ही बाजूंनी जड होत जातं.

‘पण 4 अंशांच्या खाली पाणी हलकं होतं ना?’ हे कोणीतरी विचारतंच. ते गोड्या पाण्याचं. समुद्राचं खारं पाणी गोठेपर्यंत जडच होत राहतं.

हे जड पाणी तळाशी बसतं आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे किनारा उजव्या हाताला ठेवून नैर्ऋत्येला सरकतं. स्पेनच्या हद्दीत क्रेउसच्या भूशिरापाशी बशी अरुंद होते आणि समुद्राखालची एक खोल घळई थेट किनाऱ्याजवळ येऊन ठेपते. पाणी तिच्यात कोसळतं.

मात्र दर वर्षी ते तळ गाठत नाही. भूमध्य समुद्राचं खोलवरचं पाणीही 13 अंशांच्या आसपास असतं, पण ते चांगलंच खारं. किनाऱ्याचं पाणी ऱ्होन नदीमुळे त्याहून कमी खारं. ही उणीव थंडीनेच भरून काढावी लागते. हिवाळा बेताचा असला, तर पाणी काही शे मीटरांवर आपल्याच वजनाचा थर गाठून तिथेच पसरतं. 2005 आणि 2006च्या कडक हिवाळ्यांत मात्र ते 2000 मीटरांच्याही खाली गेलं.

आपल्या अरबी समुद्रातही उत्तरेला हिवाळ्यात खारट पाणी जड होऊन बुडतं आणि पृष्ठभागाखालून दक्षिणेकडे पसरतं. पण ते उघड्या समुद्रातलं आणि फार खोल न जाणारं. तिथे बशी नाही, घळई नाही.

ईशान्य स्पेनमधल्या कातालोनियाच्या मच्छीमारांना हा प्रकार वेगळ्याच वाटेने कळतो. पालामोससारख्या बंदरांत तांबडी कोळंबी म्हणजे सोनं. ती घळयांच्या उतारावर, कित्येक शे मीटर खोल मिळते. पाणी जोरात कोसळलं की नेहमीच्या जागांवरून ती नाहीशी होते, जाळी रिकामी येतात. पण तेच पाणी किनाऱ्याचा गाळ आणि त्यातलं खाद्य खोलवर नेऊन टाकतं. बार्सिलोनाच्या संशोधकांनी जुन्या नोंदी ताडून 2008मध्ये दाखवलं, की अशा हिवाळ्यानंतर तीन ते पाच वर्षांनी तांबड्या कोळंबीची आवक वाढते. आधी लहान कोळंबी दिसू लागते, मग टोपल्या भरतात.