मुहूर्त साधला, पण टीटीएल?

मागच्या रांगेत ऐकू येतंय ना? बरं. विषय ठरलाय ‘वेबसाइट लाइव्ह करण्याआधीची तांत्रिक तयारी’. तिकडे येतोच, आधी चकलीचं सांगतो.

काही वर्षांपूर्वी पेठेतल्या एका फराळवाल्या काकांची साइट मी केली. काकांनी दसऱ्याचा मुहूर्त काढला, सकाळी अकरा चाळीस. नारळ, गुरुजी, लॅपटॉपला झेंडूची माळ. हसू नका, खंडेनवमीला कीबोर्डला हळदकुंकू लावणारे या खोलीतही आहेत, मला चेहरे दिसतायत. अकरा चाळीसला मी डीएनएसमधल्या, म्हणजे साइटच्या नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणाऱ्या वहीतल्या, ए रेकॉर्डला (पत्त्याच्या नोंदीला) नव्या सर्व्हरचा आयपी, म्हणजे आकडी पत्ता दिला. काकांच्या स्क्रीनवर नवी साइट आली, पेढे वाटून झाले.

तासाभराने कोथरूडहून काकांच्या मेहुण्यांचा फोन. ‘भाऊजी, इथे तर जुनीच दिसतेय.’ नुसती दिसत नव्हती. जुना फॉर्म चालू होता, लोक ऑर्डरी भरत होते आणि त्या ज्या मेलबॉक्सात पडायच्या तो मी सकाळीच बंद केला होता. काका चिडले नाहीत. फक्त म्हणाले, ‘दोन किलो भाजणीची चकली नक्की कुठे गेली, तेवढं सांग.’

गेली होती टीटीएलमध्ये, म्हणजे एकदा मिळालेला पत्ता किती वेळ जपून ठेवायचा त्या मुदतीत. रेकॉर्डवर आकडा होता 86400, म्हणजे सेकंदात मोजलेला पूर्ण दिवस. इंटरनेट कंपनीच्या रिझॉल्व्हरने, म्हणजे गिऱ्हाइकांसाठी पत्ते विचारून आणणाऱ्या सर्व्हरने, तुमचा पत्ता एकदा विचारला की तेवढा वेळ तो पुन्हा विचारायला येत नाही. अकरा एकोणचाळीसला विचारून गेलेला दुसऱ्या दिवशी अकरा एकोणचाळीसपर्यंत जुनाच पत्ता सांगणार. म्हणून आकडा 300 वर आणायचा, आणि तोही निदान एक दिवस आधी. मुहूर्ताच्या सकाळी उतरवून काय उपयोग? लोकांनी घेतलेल्या उत्तरावर जुनाच आकडा असतो! जुना सर्व्हर दोन-चार दिवस चालू ठेवा, फक्त त्याचा फॉर्म नव्या साइटकडे वळवा. सगळं स्थिरावलं की टीटीएल परत वाढवा. मी हे जिथे बोलावतील तिथे सांगतो. घरचे कंटाळलेत.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं? बरं, पळतो.

चाचणीच्या साइटवर रोबोट्सच्या फाइलीत, म्हणजे शोधयंत्रांना कुठे येऊ नका ते सांगणाऱ्या फाइलीत, ‘डिसअलाऊ’पुढे एकटी तिरकी रेघ असते, म्हणजे सगळीच साइट बंद; ती तशीच लाइव्हवर गेली तर गूगलचा क्रॉलर, म्हणजे पानं वाचत फिरणारा प्रोग्रॅम, दारातूनच परत जातो. ‘हे पान शोधात दाखवू नका’ सांगणारा नोइंडेक्सचा टॅगही तपासा. साइट सुरक्षित एचटीटीपीएसवर चालायला सर्टिफिकेट लागतं, ते फुकट देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टचं नेहमीचं 90 दिवसांचं. आपोआप नूतनीकरणाची चाचणी आजच घ्या, एकोणनव्वदाव्या दिवशी नको. बॅकअप घेतलाय म्हणू नका, दुसऱ्या मशीनवर उतरवून साइट उघडून दाखवा. मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये अक्षरं साठवायची पद्धत यूटीएफएटएमबीफोर ठेवा. जुन्या तीन बाइटवाल्या यूटीएफएटमध्ये देवनागरी बसते, म्हणून आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे. मग कुणीतरी पत्त्यापुढे दिव्याचा इमोजी टाकतं, त्याला चार बाइट लागतात, आणि ऑर्डर अडते.

प्रश्न चहाच्या वेळी विचारा. चकलीची ऑर्डर सापडली का, हा सोडून.