कडबा कुट्टी: जोर कुठं जातो

रब्बी ज्वारी निघाली की बीड, धाराशिव, लातूरकडं कडब्याच्या बणमी (गंजी) लागतात. मालदांडी या ज्वारीच्या वाणाचं धाट बुडाशी बोटाएवढं जाड. वाळल्यावर साल टणक, आतला भेंड मऊ. कडब्याचे तुकडे करणाऱ्या कुट्टी यंत्रात पात्याचा खरा झगडा सालीशी आणि पेराच्या गाठीशी. भेंड आडवा येतच नाही.

यंत्राच्या चाकाला दोन पाती आहेत. मोटार मिनिटाला १४४० फेरे घेते. तिची पुली ३ इंची आणि चाकाची १२ इंची असली तर चाक फिरतं ३६० वेळा, म्हणजे मिनिटाला ७२० काप. तुकडा २ सेंटिमीटरचा असेल तर मिनिटाला साधारण १४ मीटर धाट आत ओढलं जातं. गिअर बदलून तुकडा १ सेंटिमीटरचा केला, की तेवढ्याच कडब्याला दुप्पट काप आणि कापायची मेहनतही जवळपास दुप्पट.

२ एचपीची मोटार म्हणजे दीड किलोवॉट. मोटारीतली घट धरून पूर्ण भारावर तासाला २ युनिटच्या आसपास. यंत्र अडायला लागलं की लोक ३ एचपीची चौकशी करतात. त्याआधी कुट्टीचा एक तुकडा हातात घेऊन बघा. टोक साफ तुटलंय, की चोथा होऊन तंतू लोंबताहेत? तंतू असतील तर पातं कापत नाहीये, फाडतंय. धार गेलीय, नाहीतर पातं आणि तोंडाची लोखंडी पट्टी यांतली फट वाढलीय. फट पोस्टकार्डाच्या जाडीएवढीच हवी. जास्त झाली की पाला तिच्यात दुमडतो, धाट आत ओढणाऱ्या रुळाला गुंडाळतो आणि मोटार कण्हायला लागते.

धार फक्त उताराच्या बाजूनं लावायची. सपाट बाजू घासली तर फट आणखी वाढते. ग्राइंडरवर पातं निळं पडलं, तर समजा पोलादाचं पाणी उतरलं, म्हणजे कडकपणा गेला. मग कितीही धार लावा, टिकत नाही. मातीचे बुडखे तसेच घातले तरी धार लवकर जाते. दोन्ही पाती सारखीच घासा, वजनात फरक पडला की चाक थरथरतं आणि बोल्ट ढिले होतात.

पेंढी सोडून, बुडखे मागंपुढं करून घाला. सगळे जाड बुडखे एकदम तोंडात गेले की एका कापाला लागणारा जोर अचानक चढतो. दवानं सादळलेला कडबा चिवट होतो, तो ऊन पडल्यावर घ्यावा.

व्होल्टेजचंही बघा. २३० ऐवजी १८० मिळत असेल, तर मोटारीचा पीळ, म्हणजे फिरवायचा जोर, साधारण ६० टक्क्यांवर येतो, कारण तो व्होल्टेजच्या वर्गानं घटतो. अशा वेळी घास, म्हणजे एका वेळी घालायचा कडबा, निम्मा करायचा. रेटून भरलं तर मोटार जळते.

तोंड तुंबलं तर आधी उलटा गिअर. तरी निघालं नाही तर वीज बंद करून प्लग काढा आणि चाक पूर्ण थांबू द्या. मोटार बंद झाली तरी जड चाकात जोर शिल्लक असतो, आणि बोट तोडायला तेवढा पुरतो.