बोरोबुदुर: टेकडीवर चढवलेला दगड

या मंदिराला गाभारा नाही. सभामंडप नाही. इंडोनेशियात, मध्य जावामधल्या एका टेकडीवर, सुमारे बाराशे वर्षांपूर्वी, शैलेंद्र राजांच्या काळात काळसर अँडेसाइटचे, म्हणजे ज्वालामुखीच्या दगडाचे चिरे एकावर एक बसवत नेले. सांध्यांत चुना नाही. आत टेकडीच आहे, त्यामुळे इथे आत जायचं नसतं. फिरत फिरत वर चढायचं.

खालच्या चौकोनी मजल्यांवर भिंतींमधून अरुंद वाटा जातात. मंदिर उजव्या हाताला ठेवून चालायचं, प्रदक्षिणेसारखंच. एकूण 2,672 शिल्पपट. बुद्धाचं चरित्र आहे, जातककथा आहेत. पण पाय अडकतात ते त्या शिडाच्या जहाजापाशी. दर्यावर्दी जावाच तिथे कोरलाय.

मग भिंती संपतात आणि एकदम आकाश. तीन वर्तुळं, 72 जाळीदार स्तूप, प्रत्येकात एक बसलेला बुद्ध. खालच्या दोन वर्तुळांतली भोकं शंकरपाळ्याच्या आकाराची, सर्वांत वरची चौकोनी. मधला मोठा स्तूप मात्र बंद.

पुढे हे सगळं झाडीत बुडालं. 1814 मध्ये जावाचा ब्रिटिश प्रशासक रॅफल्सने पाठवलेल्या कॉर्नेलियस या डच अभियंत्याने दोनशे माणसं लावून ते मोकळं करायला घेतलं. पण खरा शत्रू पाऊस. सांध्यांतून पाणी टेकडीत मुरायचं, भिंती कलायच्या, शेवाळ चेहरे खायचं. मूळ कारागिरांनी मकरमुखी पन्हळी ठेवल्या होत्या, त्या पुरल्या नाहीत. डच अभियंता फान एर्पने 1907 ते 1911 मध्ये वरचा भाग सावरला, भिंती तशाच राहिल्या. अखेर इंडोनेशिया आणि युनेस्कोने चौकोनी मजलेच उतरवले. दहा लाखांहून अधिक दगड हलले. नोंद करून, धुऊन, खाली काँक्रीट आणि मागे पाणी काढून देणारे थर घालून ते परत जागच्या जागी बसवले. 1983 मध्ये काम पुरं झालं. ते काँक्रीट कुठेच दिसत नाही, यातच त्या कामाची ऐट आहे.

एक गोष्ट मात्र झाकलेलीच ठेवली. पायथ्याच्या रुंद बांधामागे 160 शिल्पपट आहेत. ते 1885 मध्ये सापडले. भार पेलेना म्हणून बांध घातला असावा, हा तर्क मला पटतो. आज फक्त आग्नेय कोपरा उघडा आहे. तिथे कुरूप चेहऱ्यांच्या वर, शिल्पकारासाठी कोरलेली सूचना पुसायची राहून गेलीय. लिपी जुनी जावी, शब्द आपल्या ओळखीचा: विरूप.