२७ डाऊन: एकाच सिनेमाचा दिग्दर्शक

[कॅमेऱ्यासमोर. शीर्षक-संगीत नको, थेट बोलायला सुरुवात.]

एक शॉट सांगते, आधी तो डोळ्यांसमोर आणा.

व्हीटी स्टेशन, म्हणजे आजचं सीएसएमटी. कॅमेरा उंचावर, खाली फलाट बघतोय. चित्र ब्लॅक अँड व्हाइट. फलाटावर विशेष कोणी नाही. लोकल आत शिरते. ती नीट थांबलेलीही नसते आणि दारांतून माणसं खाली उतरायला लागतात. आधी दहावीस, मग शेकड्यांनी. बघता बघता फलाटाची फरशी दिसेनाशी होते. नुसती डोकी. सगळी एकाच दिशेनं, आणि कोणी कोणाकडे बघत नाही. थोड्या वेळानं ती गर्दी जशी आली तशी ओसरते.

शॉटमध्ये घडत काहीच नाही. नायक नाही, संवाद नाही. पण मुंबईत नोकरी करणं म्हणजे काय, हे मी इतक्या कमी वेळात आणि इतक्या थेट दुसऱ्या कुठल्या हिंदी सिनेमात बघितलेलं नाही. आणि ही गर्दी ज्युनिअर आर्टिस्ट बोलावून जमवलेली नाही. ही कामावर निघालेली खरीखुरी मुंबई आहे. आपलं चित्रीकरण चाललंय हे तिच्या गावीही नाही.

[स्क्रीनवर: २७ डाऊन, १९७४. दिग्दर्शक अवतार कृष्ण कौल.]

सिनेमाचं नाव '२७ डाऊन'. मुंबईहून निघाली ती डाऊन, मुंबईकडे आली ती अप, हे लोकलवाल्यांना सांगायला नको. ही गाडी आहे मुंबई–वाराणसी एक्स्प्रेस. म्हणजे आपली ओळखीची वाट: कल्याण, इगतपुरी, मनमाड, भुसावळ, आणि मग पुढे इटारसी, जबलपूर करत बनारस.

गोष्ट संजयची आहे. बाप रेल्वेत ड्रायव्हर. अपघातात त्याचा पाय जातो. मुलाला चित्रं काढायची आहेत, पण बापाचं ठरलेलं आहे: रेल्वेत चिकट, जन्माची ददात मिटेल. हे वाक्य कल्याणच्या किंवा भुसावळच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये वाढलेल्या कोणालाही पाठ असेल. शिव्या नाहीत, मारझोड नाही, बाप खलनायकही नाही. त्याला मुलाचं भलंच करायचं आहे, आणि त्या भल्यातच मुलगा अडकतो. ओम शिवपुरी यांनी हा बाप असा उभा केलाय की त्याच्यावर नीट चिडताही येत नाही.

तर संजय टीसी होतो. काळा कोट चढवतो, तिकिटं बघतो. हळूहळू असं होतं की हा माणूस घरी राहतच नाही, तो गाडीतच राहतो. ड्युटी संपली तरी गाडीत, झोप गाडीत. लोक गावाला जायला गाडीत बसतात, हा कुठेच जायला नको म्हणून बसतो.

मग त्याला गाडीत शालिनी भेटते. राखी. एलआयसीत नोकरी करणारी, घरच्यांचा भार अंगावर घेतलेली मुलगी. इथे जरा थांबूया, कारण ही निवड धाडसाची होती. 'शर्मिली' येऊन गेलेला, 'दाग' आलेला, राखी तेव्हा मोठी स्टार. आणि समोर नायक कोण? एम. के. रैना. राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून बाहेर पडलेला रंगभूमीवरचा तरुण, मोठ्या पडद्यावर पहिल्यांदाच. जोडी विजोड व्हायला हवी होती. झाली नाही, कारण राखीनं इथे स्टारपण पूर्ण बाजूला ठेवलंय. साधी साडी, खांद्याला पर्स, आणि दिवसभर ऑफिसात बसून आलेला थकवा. तिचे क्लोजअप बघा. एरवीच्या हिंदी सिनेमात क्लोजअप आला की नायिका सुंदर दिसायलाच हवी. इथे ती आधी दमलेली दिसते. सुंदर दिसते, तीही त्या दमण्यासकट.

पुढे बापाला हे प्रकरण कळतं आणि तो मुलाचं लग्न दुसरीकडे लावून टाकतो. गावाकडची मुलगी, आणि हुंड्यात म्हशी! हो, म्हशी. ही बायको केलीय रेखा सबनीस यांनी. मराठी प्रायोगिक रंगभूमी ज्यांनी जवळून बघितली आहे त्यांना हे नाव वेगळं सांगायला नको. सुधीर दळवीही या सिनेमात आहेत, 'शिर्डी के साईबाबा'च्या काही वर्षं आधीचे.

शेवट काय होतो ते सांगणार नाही.

[कट. खुर्ची बदललेली, कॅमेरा जरा जवळ.]

आता हा सिनेमा बनवला कसा आहे त्याबद्दल. मला खरं बोलायचंय ते यावरच.

कॅमेरामन आहेत अपूर्व किशोर बीर, ए. के. बीर. मूळचे ओडिशाचे, पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून शिकून बाहेर पडलेले, तेव्हा विशीत. त्यांचा हा पहिला कथापट. पहिल्याच सिनेमाला छायाचित्रणाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्या काळी ब्लॅक अँड व्हाइट आणि रंगीत असे छायाचित्रणाचे दोन वेगळे पुरस्कार असायचे, त्यातला हा ब्लॅक अँड व्हाइटचा.

धावत्या गाडीत, गर्दीच्या फलाटावर शूटिंग करायचं म्हणजे ट्रायपॉड लावून, लाइट बांधून जमण्यासारखं नाही. म्हणून बराचसा सिनेमा हातात कॅमेरा धरून टिपलाय. तो हलतो, पण आजच्या वेब सिरीजसारखा उगाच थरथरत नाही. गाडी जेवढी हलते तेवढाच हलतो. डब्यातला दिवा एकाच बाजूनं तोंडावर पडतो, अर्धा चेहरा काळोखात जातो. खिडकीबाहेर काहीतरी सर्रकन मागे पळतं, आतला माणूस जागच्या जागी. सबंध सिनेमाचा विषयच हा आहे: शरीर ताशी पन्नास-साठच्या वेगानं पुढे चाललंय आणि आयुष्य हलत नाही. कौल यांनी हे संवादात घातलं असतं तर आपण जांभया दिल्या असत्या. त्यांनी ते खिडकीत दाखवलं.

रंगीत सिनेमा तोवर सर्रास झाला होता, तरी हा ब्लॅक अँड व्हाइट. पैसे कमी होते हे उघड आहे. फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन या सरकारी संस्थेच्या कर्जावर बनलेला सिनेमा हा. पण याच्यावर रंग चढवून बघा मनातल्या मनात. लाल डबा, निळा शर्ट, पिवळा फलक, सगळं आपापल्या परीनं बोलायला लागेल. इथे कोळसा, धूर, काळा कोट आणि पांढरं आकाश, एवढ्यातच सगळं बसतं.

आणि आवाज! हेडफोन लावूनच बघा. रुळांचा ठेका, शिट्टी, आणि गाडी पुलावर चढली की तो जो पोकळ खडखडाट सुरू होतो, तो. संजय बनारसच्या गाडीत बसलाय आणि मागचं आठवतोय, अशी सिनेमाची रचना आहे. त्या आठवणींत शिरायला आणि बाहेर यायला कौल या आवाजांचा जिन्यासारखा वापर करतात. फ्लॅशबॅक म्हटलं की धूसर होणारी फ्रेम आणि वीणेचा झंकार, हा तेव्हाचा रिवाज. इथे नुसता रुळांचा आवाज बदलतो आणि आपण दुसऱ्या वर्षात पोचलेले असतो. संगीत आहे हरिप्रसाद चौरसिया आणि भुवनेश्वर मिश्र यांचं. ओडिया सिनेसृष्टीत ही जोडी 'भुवन-हरि' म्हणून प्रसिद्ध. संतूरवादक शिवकुमार शर्मांबरोबरची 'शिव-हरि' सगळ्यांना ठाऊक, 'भुवन-हरि' आपल्याकडे कोणाला माहीतच नाही! असो. सांगायचं ते हे, की त्यांनी संगीत फार जपून वापरलंय. गाडी बोलत असताना बासरी मध्ये तोंड घालत नाही.

कलादिग्दर्शक बन्सी चंद्रगुप्त, सत्यजित राय यांच्या 'पथेर पांचाली'चे. मूळ कादंबरी हिंदीतली, रमेश बक्षी यांची 'अठारह सूरज के पौधे'. एका नवख्या दिग्दर्शकाच्या पहिल्या सिनेमाला ही सगळी माणसं लाभली, म्हणजे हा माणूस नुसता हौशी नव्हता एवढं नक्की.

[स्क्रीनवर: श्रीनगर, न्यूयॉर्क, मुंबई.]

तर कोण होते अवतार कृष्ण कौल? जन्म श्रीनगरचा, १९३९. परराष्ट्र खात्यातल्या नोकरीनिमित्त न्यूयॉर्कला गेले आणि तिथे सिनेमा शिकले. सुरक्षित सरकारी नोकरी सोडून सिनेमाच्या मागे लागलेला माणूस आपल्या पहिल्या सिनेमात रेल्वेच्या सुरक्षित नोकरीत अडकलेला चित्रकार दाखवतो. यावरून मी फार मानसशास्त्र काढणार नाही, पण डोळेझाकही करता येत नाही. १९७० मध्ये ते भारतात परतले, इस्माईल मर्चंट आणि जेम्स आयव्हरी या निर्माता-दिग्दर्शक जोडीच्या 'बॉम्बे टॉकी'वर सहायक म्हणून काम केलं. आणि मग '२७ डाऊन'.

आणखी एक गोष्ट. १९७४ च्या मे महिन्यात जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखाली देशभर रेल्वेचा संप झाला होता. तो आठवणारी मंडळी अजून घराघरात आहेत. कौल यांच्या सिनेमात संप नाही, युनियन नाही, घोषणा नाहीत. पण तो संप करणारा माणूस ड्युटी संपल्यावर घरी जाऊन काय करत असेल, ते त्यात आहे.

२१ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपट '२७ डाऊन' ठरला. आणि त्याच आठवड्यात, २० जुलै १९७४ ला, मुंबईत वाळकेश्वरला समुद्रात बुडणाऱ्या एका व्यक्तीला वाचवायला गेलेले कौल स्वतःच बुडाले. वय चौतीस. पुढे स्वित्झर्लंडमधल्या लोकार्नोच्या चित्रपट महोत्सवातही सिनेमा गौरवला गेला, तोवर ते नव्हते.

[थोडं थांबून.]

हे मी मुद्दाम इतक्या उशिरा सांगितलं. कारण '२७ डाऊन'बद्दल कुठेही वाचा, पहिल्या दोन ओळींत हेच येतं. पुरस्कार, समुद्र, मृत्यू. गोष्ट इतकी चटका लावणारी आहे की ती सिनेमालाच गिळून बसली आहे. लोक हळहळतात आणि सिनेमा न बघताच पुढे जातात.

दुसरंही एक कारण आहे, आणि ते जास्त खरं आहे असं मला वाटतं. आपण समांतर सिनेमाचा, म्हणजे धंदेवाईक सिनेमापेक्षा वेगळ्या वाटेनं गेलेल्या सिनेमाचा, इतिहास दिग्दर्शकांच्या नावांनी पाठ करतो. बेनेगल म्हटलं की 'अंकुर', 'निशांत', 'मंथन', 'भूमिका' अशी माळ. मणी कौल, कुमार शहानी, सगळ्यांच्या माळा. महोत्सवात सिंहावलोकन लागतं ते दिग्दर्शकाचं, पुस्तकात प्रकरण असतं ते दिग्दर्शकाचं. ज्याचा एकच मणी आहे त्याची माळ कशी ओवणार? शिवाय सिनेमाची प्रत कुठे आहे, दूरदर्शनवर कधी लागणार, मुलाखत कोणी द्यायची, हे सगळं पुढची तीस-चाळीस वर्षं रेटायला दिग्दर्शक स्वतः लागतो. इथे तो नव्हता. पुढे एनएफडीसीनं, म्हणजे सरकारच्या राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळानं, आपल्या संग्रहातल्या सिनेमांच्या डीव्हीडी काढल्या, त्यात हा आला, आणि तेव्हा कुठे आमच्या पिढीनं तो स्वच्छ चित्रात बघितला.

आता दोष. आहेत, आणि ते झाकून कौतुक करण्यात अर्थ नाही. संजयचं मनोगत जरा जास्तच आहे. जे चेहऱ्यावर स्पष्ट दिसतंय तेच पुन्हा कानात सांगितलं जातं, तेव्हा वाटतं की अरे, बीरचा कॅमेरा पुरेसा आहे, गप्प बस. बनारसचा भागही रेंगाळतो. पण मला सगळ्यात जास्त खटकते ती बायको. म्हशी घेऊन आलेली, राकट, घर बळकावणारी बाई असंच आपल्याला ती दिसते, कारण आपण तिला संजयच्या डोळ्यांनी बघतो. तिला कोणी विचारलं होतं का, की या कुढ्या, घरी न येणाऱ्या माणसाशी लग्न करायचंय का? संजय एवढा बापाच्या जुलमाबद्दल मनात बोलतो, त्याच जुलमात ही दुसरी बाईही सापडलीय हे त्याला दिसत नाही. सिनेमालाही ते पुरेसं दिसलंय असं मला वाटत नाही. रेखा सबनीस होत्या म्हणून त्या बाईला जीव आला, नाहीतर नुसतं व्यंगचित्र झालं असतं.

आणि संजयचाही वैताग येतो, हे कबूल. ठामपणे 'नाही' म्हणायचं सोडून हा माणूस गाडीत चढतो. दर वेळी. शालिनी त्याच्याहून शंभरपट खंबीर आहे. पण मग वाटतं, आपल्या ओळखीतले किती जण ठामपणे 'नाही' म्हणाले?

[शेवटचा भाग. फोन हातात घेऊन.]

बघायचा असेल तर दोन सूचना. एक, फोनवर बघू नका. ब्लॅक अँड व्हाइटमधला काळोख फोनच्या स्क्रीनवर नुसता काळा ठोकळा दिसतो, त्यातले चेहरे हरवतात. टीव्ही किंवा लॅपटॉप, खोलीतला दिवा बंद. दोन, सुरुवातीला कंटाळा आला तरी लगेच बंद करू नका. सिनेमा दोन तासांच्या आतच संपतो, आणि पहिली काही मिनिटं तो तुम्हाला मुद्दाम गाडीच्या वेगावर आणतो.

आणि घरात कोणी रेल्वेतून निवृत्त झालेलं असेल तर त्यांना शेजारी बसवा. कुठलं इंजिन, कुठला डबा, टीसीनं पंच कसा धरलाय, यावर ते मध्ये मध्ये बोलत राहतील. बोलू द्या. सबटायटल्सपेक्षा ते कामाचं आहे.