चुंबकाला चिकटलेला चहा

(दृश्य: काचेची थाळी, चहा पावडर, चुंबक)

दोन चमचे चहा पावडर काचेवर पातळ पसरली आहे. चुंबक पातळ प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलंय, म्हणजे नंतर पिशवी उलटी केली की चिकटलेलं सगळं सुटं होतं. चुंबक पावडरीला जवळजवळ टेकवून फिरवा. पिशवीवर केसांसारखे ताठ उभे राहिलेत, ते लोहकण. चहाची भुकटीही चिकटते, पण टिचकी मारली की गळते. लोहकण हलत नाहीत.

(दृश्य: सीटीसी रोलर, जवळून)

बऱ्याचदा ते इथून येतात. टपरीवर उकळणारा दाणेदार चहा या सीटीसी (क्रश, टेअर, कर्ल) यंत्रातला. 1930 साली विल्यम मॅककर्चर यांनी आसामात ते आणलं. दोन दातेरी पोलादी रोलर एकमेकांच्या उलट फिरतात. एकाचे मिनिटाला साधारण 70 फेरे, दुसऱ्याचे 700. वेगातल्या या फरकामुळेच पान चिरडतं, फाटतं आणि वळतं. दोन रोलरमधली फट जास्त आवळली की दातावर दात घासतो. बोथट दात पुन्हा कापल्यावर रोलर नीट साफ केला नाही, तर कापलेला कीस पहिल्याच घाण्यात उतरतो.

(दृश्य: पट्ट्यावरचं चुंबक, हातात फडकं)

म्हणून वाळवलेल्या चहाच्या वाटेवर चुंबकं लावलेली असतात. त्यांच्यावर भुकटीचा थर बसला की पकड कमी होते. ती वरचेवर पुसावीच लागतात. कारखान्यातलं सगळ्यात स्वस्त काम, आणि टाळलं जातं तेही हेच.

(दृश्य: ओला फिल्टर पेपर)

रंगाची परीक्षा वेगळी. फिल्टर पेपरवर पावडर भुरभुरवा, वर गार पाणी शिंपडा. डाग लगेच पसरला, तर वापरलेला चोथा वाळवून रंगवलेला असण्याची दाट शंका. असा चहा पोटात जाऊ देऊ नका.

(दृश्य: पांढऱ्या कागदावर कॅमोमाइलची सुकी फुलं)

हर्बल चहाला या दोन्ही परीक्षा लागू पडत नाहीत. तिथे भीती कापणीत सोबत आलेल्या तणाची. सेनेसिओसारख्या तणातले पायरोलिझिडिन अल्कलॉइड (वनस्पतीतली विषारी रसायनं) यकृताला घातक असतात, आणि ते प्रयोगशाळेतच सापडतात. युरोपीय संघाने 1 जुलै 2022 पासून सुक्या हर्बल चहाला किलोमागे 200 मायक्रोग्रॅमची मर्यादा घातली. कॅमोमाइल, पेपरमिंट, रुइबॉस अशा काहींना 400. घरी एवढंच करता येतं: भुकटी न घेता अख्खी फुलं-पानं घ्या, अशी कागदावर पसरा आणि परकं पान दिसलं तर पुडा परत करा.